तेरा

पायसांडूत ऑगस्टमध्ये पहाट गोठते,
पत्र्याच्या शेडमध्ये श्वास दिसतो.
बाबा खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी,
डाव्या हातात माते,
उजवा हात पाहुण्यासारखा मांडीवर बसवलेला.

झटका आला त्यात शब्द गेले.
माझं नाव गेलं, आईचं गेलं,
मीठ हवं असलं की चाक म्हणतात.
आकडे तेवढे शाबूत.
चौदा, म्हणाले आज उठल्या उठल्या,
आणि मला कळलं: आजच.

शेवरले, अडतीस सालची.
सांगाडा अजून धड आहे,
गंजलंय ते वरचं धड.
तीन आठवडे मी नुसती सोडवतेय.
वायरी, ब्रेकची नळी, स्टिअरिंगचा दांडा,
प्रत्येकाला चिंधी, चिंधीवर नंबर,
बोल्ट यर्बाच्या रिकाम्या डब्यांत.
दारांच्या पोकळीत आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या,
नाहीतर उचलताना बॉडी मधोमध वाकते
म्हाताऱ्या गाईच्या पाठीसारखी.
हे वॉशिंग्टनने शिकवलं.
हो, नावच आहे त्याचं. भावाचं नेल्सन.
आमच्याकडे ठेवतात अशी नावं.

त्याने चेन-पुली आणली होती,
पण छताचे वासे बघून परत गाडीत टाकली.
हे छत पाऊस पेलतं, म्हणाला, लोखंड नाही.
मग चार जॅक, निलगिरीचे दोन ओंडके आरपार,
आणि ठोकळे, ठोकळे, ठोकळे.
एका वेळी दोन बोटं.
पुढून दोन, मागून दोन,
ठोकळा सरकव, थांब, बघ.
खाली कोणी शिरायचं नाही.
नेल्सनच्या पोराला दाराबाहेर उभं केलं,
कुत्र्याला धरून.

रोज सकाळी मी बाबांना पलंगावरून खुर्चीत घेते
ते याच रीतीने.
गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही.
त्यांचा डावा हात माझ्या मानेमागे,
मध्येच थांबून बघायचं, तोल आला का.
हे शेडमध्ये कोणी बोललं नाही. मीही नाही.

दुसऱ्या फेरीला मागचा कोपरा अडला.
म्हणजे उठत होता,
पण सांगाड्याला घेऊनच उठत होता.
टायर जमिनीवरून सुटायला आलं,
आणि पत्र्यातून आवाज,
दाढ उपटताना कानात येतो तसा.
जोर दे, नेल्सन म्हणाला.
तेरा, बाबा म्हणाले.
सगळे काढलेत, डॉन विल्मार, मी स्वतः काढलेत.
तेरा.
माते जमिनीवर. तेरा, तेरा.

सगळं खाली घेतलं, ठोकळ्यामागून ठोकळा, उलट क्रमाने.
डबे मी पोत्यावर ओतले. मोजले.
दोनदा मोजले.

मागच्या सीटखाली, कुंभारमाशीच्या घरट्याआड
होता एक.
चौकोनी डोक्याचा, बाकीच्यांहून जाड,
कानशीने घासून घडवलेला.
मूळचा कधीतरी तुटला असणार,
बाबांनी हा बसवला असणार,
आणि नेहमीसारखं कुणाला सांगितलं नसणार.
तेल सोडलं. जेवून आलो. पुन्हा तेल.
चार वाजता सुटला.

मग बॉडी उठली, कुरकुर न करता.
वीतभर फट.
फटीतून पलीकडचं अंगण दिसलं,
एक कोंबडी, दोरीवरचा माझा एप्रन.
वॉशिंग्टन वाकून आत हात घालणार,
तोच बाबांनी टाळूला जीभ लावून च्च केलं
आणि कोपऱ्यातल्या झाडूकडे हनुवटी केली.

हात नाही. दांडा.

तो त्यांनी स्वतःच धरला, डाव्या हातात,
फटीत आडवा घातला.
मी खुर्ची ढकलत राहिले, हळू,
बंपरापासून डिकीपर्यंत,
दांडा सरकत राहिला
आणि कुठेच अडकला नाही.

शून्य, म्हणाले बाबा.

बाहेर नेल्सनच्या पोराने कुत्रा सोडला.