कामगार डॉट भाषा

उद्यमबागेत, फौंड्रीच्या माळ्यावर आमचं ऑफिस.
खाली साच्यातून निघालेल्या पंपाच्या बॉडीची
बर घासतात दिवसभर.
वर मी दुसऱ्याचा कोड घासते.
काळी रेती दोन्हीकडे,
कीबोर्ड उलटा केला की सांडते.

कोड गुरुसिद्ध कित्तूरकरांचा, चौदा वर्षांचा.
हजेरी, पाळी, पगारचिठ्ठी.
त्यात एक ऑब्जेक्ट, कामगार,
आणि त्याला लटकवलेली प्रॉपर्टी, भाषा.
चिठ्ठी कुठल्या लिपीत छापायची
एवढंच विचारायला ठेवलेली.
पुढे कुणी तिच्यावरून पाळ्या लावल्या,
कुणी ओव्हरटाइमची यादी,
कुणी नुसती मोजदाद,
वर कुणाला तरी हवी होती म्हणून.

आणि ती भरली कशी?
नावावरून, नाहीतर आडनावावरून,
जे आधी डोळ्यांत भरलं त्यावरून.
टोपाण्णा, कल्लाप्पा, भरमाणी:
घरात काय बोलतात, सांगा बघू.
मच्छेच्या कल्लाप्पाला तीन वर्षं कन्नड चिठ्ठी.
तो ती कोर शॉपातल्या इराव्वा पवारकडून वाचून घ्यायचा,
इराव्वा आपली मराठी चिठ्ठी
त्याच्याकडून.

सोमवारी नियम लिहिला मी.
'कामगार'वरची 'भाषा' वाचायची नाही.
चार ओळी,
आणि एक मोकळी जागा, संदेशाची:
मोडणाऱ्याला काय दिसावं तिथे?
इंग्रजीत लिहिलं, खोडलं.
'वापरण्यास मनाई आहे', हे तर तहसील कचेरी.
हणमंत चहा फुंकत म्हणाला,
"ब्याड म्हण की. ब्याड, नको. दोन्ही घाल."
घातलं.

एकसष्ट लाल नागमोडी रेघा.
एकेक उपसत गेले.
बहुतेक ठिकाणी तिच्या जागी
काहीच ठेवावं लागलं नाही.
पाळी पाळीसारखी लागली.

बुधवारी एक सापडली, रेघ नसलेली.
'भा' एकीकडे, 'षा' दुसरीकडे,
चौकटी कंसात गुपचूप जोडलेली.
नियमाला जोडकाम दिसत नाही.
नवा पोरगा मान खाली घालून म्हणाला,
"अक्का, सांगितलेलं केलं. मी काय करू सांग की."
मी त्याला काहीच सांगितलं नाही.
खुर्ची सरकवली,
ओळ त्याच्याच हाताने काढली.

उरली शेवटची.
चिठ्ठी छापणारी, गुरुसिद्धांची, मूळची.
ही काढली तर सगळ्यांना इंग्रजी,
यंत्राला सोपी.
नियमावर पट्टी मारून ही एक चालू ठेवता आली असती,
दोन मिनिटांचं काम.

जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन खाली उतरले.
चिठ्ठी कशात पाहिजे?
कल्लाप्पा, मराठी. इराव्वा, कन्नड.
भरमाणी म्हणाला, आकडा बरोबर असला की झालं.
टोपाण्णा डबा झाकत बोलला,
"दोन्हीत दे की. लेक कन्नड शाळेत,
बायकोला मराठी येतं. दोघी तपासत्यात."
चौदा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं,
वहीची दोन पानं लागली फक्त.

'भाषा' काढून टाकली.
तिथे 'चिठ्ठीची लिपी',
टोपाण्णासाठी एकाऐवजी यादी.
लिंटर चालवला. गप्प.

सात तारखेला कल्लाप्पा जिना चढून आला,
हातात चिठ्ठी, अंगठ्याचा काळा ठसा उमटलेली.
"वाचता येतंय," म्हणाला.
मग बराच वेळ दारातच उभा.
"पण मॅडम, आता कोर शॉपात जायला
निमित्त काय सांगू?"