शिन म्हणजे शेंग

शहाबादी फरशी आधी ओल्या फडक्यानं पुसली,
कणभर माती राहिली की भोवरा अडखळतो.
मग पाच पोरं गोल बसवली:
शुलमिथ आणि एलियाब माझ्या भाच्याचे,
उरलेली तिघं येमुलांच्या कारखान्यामागची,
केसांत अजून सुताचा कापूस.
प्रत्येकापुढे वीस शेंगा, मधल्या ताटलीत एकेक.
साईकिरणनं तोवर दोन खाल्ल्या होत्या.

भोवरा बिन्यामिनकाकांच्या हातचा.
मिल बंद पडली त्या वर्षी
खिशातून आणलेली लाकडी कांडी
चार बाजूंनी तासली, तापल्या तारेनं अक्षरं डागली.
त्यांनाही हा खेळ उतारवयातच कळला,
लोदहून आलेल्या एका पत्रातून.
आमच्या लहानपणी मलिदा होता, भोवरा नव्हता.
हे मी पोरांना सांगत बसले नाही.

नून : नाही. काही नाही, पुढच्याला दे.
गिमेल : गिळ सगळं.
हे : हे अर्धं तुझं.
शिन : शेंग टाक.
हे अर्थ माझे. हिब्रू येणारा कुणी ऐकेल
तर कान धरेल माझा.
पण पोरांना एका फेरीत पाठ झाले.

अकरा शेंगांचं अर्धं किती, यावर भांडण पेटलं.
अनुषानं एक शेंग फोडली,
आत दोन दाणे.
मिटलं.

मग शुलमिथनं दप्तरातून काढला
अश्दोदच्या आत्याचा निळा प्लास्टिकचा.
त्यावर शिनच नाही, पे आहे.
"मग शेंग कधी टाकायची ओ?"
सांगावं लागलं : चारी अक्षरांचं एक वाक्य आहे,
मोठा चमत्कार घडला तिथे.
शिन म्हणजे तिथे.
तिकडे राहणारे पे लिहितात. इथे.

"तिथे म्हणजे कुठं? अक्कलकोटच्या पुढं?"
"लै पुढं."
"मग आपण पे खेळलो तर खोटं होतंय काय?"

करडईच्या तेलावर तिसरी वात चरचरली.
मला उत्तर आलं नाही.
अनुषानं दोन्ही भोवरे एकदम सोडले.
निळा सुळकन पलंगाखाली.
काकांचा फरशीच्या सांध्यात अडकला
आणि तिरका टेकून राहिला,
एकही अक्षर धड वर न दाखवता.

"डाव परत बे!"

पण ताटलीत टरफलंच होती.
हरणाऱ्यांनी खाऊन टाकलं होतं सगळं.
उद्या चौथा दिवा.
शेंगा किलोभर आणाव्या लागतील,
कच्च्याच.
भाजक्या डावात टिकत नाहीत.