पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे

पुठ्ठ्यावर चार थेंब.
प्रत्येकाभोवती पेनाने गोल काढला, बाजूला वेळ लिहिली.
डायलिसिस सेंटरची सवय.
लेन पिएत्राशेक म्हणाला, आजारी नाही गं ती,
म्हातारी आहे.

लाल, दोन सीटची, त्र्याण्णव सालची.
पार्किंगमध्ये स्टिअरिंग वळवलं की
शेपटीवर पाय पडल्यासारखी केकाटते.
एरी गावात पाच-पाच महिने रस्त्यावर मीठ असतं,
ज्या लोखंडावर बसतं त्यालाच खातं.
खाल्ल्या मिठाला जागणं वगैरे इथे नाही.

मंगळवार, गुरुवार, शनिवार लेन माझ्याकडे असतो,
चार नंबरच्या खुर्चीत, साडेतीन तास.
डाव्या हाताने वजन उचलायचं नाही,
हे मीच त्याला बजावलंय,
म्हणून रविवारी गाडीखाली मी.

पाठीला गार सिमेंट. दोन जॅकस्टँड,
त्यांच्यावर भरवसा देवापेक्षा थोडा जास्तच.
आधी सगळं पुसून कोरडं केलं,
मग नळ्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवली,
बाळाला लावतात ती, गुलाबी डब्यातली.
इंजिन सुरू. लेनने स्टिअरिंग फिरवलं.
पांढऱ्यावर एक ओली रेघ उमटली.
परतीची नळी नव्हे, जिच्यावर मी आठवडाभर संशय घेतला.
वरची, दाबाची,
क्लॅम्पच्या आडोशाला गुपचूप गंजलेली.

नट हलेना.
लेनने खिशातून पाना काढला, रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातला,
तीस वर्षं त्याच्याच मुठीत झिजलेला.
"साधा पाना नटाचे कोपरे खातो. हा कवेत घेतो."
घेतलं कवेत. ओढलं. मराठीत शिवी घातली.
"काय म्हणालीस?"
"प्रार्थना."
सुटला तो एकदम, आणि जुनं तेल कोपरापर्यंत ओघळलं,
काकवीसारखं, करपट वासाचं.

थेंबे थेंबे तळे साचे, मी पुटपुटले.
त्याचाही अर्थ हवा होता त्याला. सांगितला.
दाराबाहेरच्या पाण्याकडे बघत म्हणाला,
मग हे लेकसुद्धा असंच साचलं असेल.
माझ्या भाषेत लेक म्हणजे मुलगी, मी म्हटलं.
टॉर्चचा उजेड जरा हलला.
त्याची टक्सनला असते. दर फोनला सांगते,
विकून टाका ती गाडी.

नवी नळी. तांब्याचे वॉशर नवे,
एकदा दाबलेला पुन्हा वापरायचा नाही,
आमच्या सुयांसारखंच.
बाटलीतलं तेल लालभडक.
मी पाहिलं, त्यानेही पाहिलं,
बोललं कुणीच नाही.

आता हवा काढायची.
इंजिन बंद, पुढची चाकं अधांतरी.
पूर्ण डावीकडे. थांब. पूर्ण उजवीकडे.
तो एका हाताने फिरवतो, मी डबीत डोळे घालून उभी.
आधी फेस, मग मोठे बुडबुडे, मग चुकारीचा एखादा.
"अजून किती वेळा?"
"नळीत हवा आहे तोवर."
"सेंटरमध्येही तू हेच बघत असतेस," तो म्हणाला,
"मला वाटायचं, माझ्याकडे बघतेस."

मला उत्तर सुचलं नाही.
इंजिन सुरू करायला सांगितलं
आणि नव्या नळीवर दोन बोटं टेकवली.
बारीक थरथर.
त्याच्या मनगटाजवळ, त्वचेखाली,
सुई टोचण्याआधी मी जी शोधते,
जवळपास तीच.

मंगळवारी तो व्हॅनने आला नाही, गाडी चालवत आला.
साडेतीन तासांनंतर मात्र पाय लटपटले,
म्हणून परतताना किल्ली माझ्याकडे.
पीच स्ट्रीटचं वळण एका बोटाने घेतलं.
बाजूला तो डोळे मिटून, कान बॉनेटकडे.

घरी पोचल्यावर पुठ्ठा फेकायला मी उचलला,
तर म्हणाला, राहू दे तिथेच,
जुने गोल असू देत.
नवा पडला तर
ओळखायचा कसा?