उठताना दाबायची कळ

मांजरीने चाल खेळली, म्हणून मला बोलावणं आलं.

हेल्दुरमामाने उंट चौकटीत लिहून ठेवला होता,
पाठवला नव्हता. नुसता बघत होता,
दुकानात टोपी डोक्यावर ठेवून आरशात बघावं
आणि परत खुंटीला लावावी, तसा.
मग तो शेडमधून बर्चची लाकडं आणायला गेला
आणि निर्क, वजन सहा किलो,
एंटरवर बसली.
मोंतेव्हिडिओतल्या दंतवैद्याला उंट फुकटात मिळाला.
दोन वर्षांचा डाव.

"कुलूप बसव," मामा म्हणाला.
"दाराला आहे, शेडला आहे, ह्यालाच नाही."

बसवलं. एक फाईल, चार ओळी.
आधी पडदा काळा होतो, कुलूप नंतर लागतं,
हे त्याला दोनदा सांगितलं:
डोळा मिटणं वेगळं, कडी घालणं वेगळं.
आकडा टाकला तीनशे. सेकंद.
आमच्या ऑफिसात एकशेऐंशीच आहेत.

तो पटासमोर बसला. हात मांडीवर.
बाहेर तार्तूचा मार्च, छपरावरून ठिबकणारा,
आत शेगडी, निर्क, आणि वजिराच्या बाजूचं एक प्यादं.
पडदा गेला.
"अरे, मी इथेच आहे," तो पडद्याला म्हणाला.
पासवर्ड. पट. हात मांडीवर.
पडदा गेला.
चौथ्या खेपेला बोट चुकलं
आणि त्याच्याच घरात यंत्र त्याला नाही म्हणालं.

यंत्राचा हिशेब साधा:
हात हलत नाही, म्हणजे माणूस उठून गेला.
मामाचं नेमकं उलटं. हात हलू लागले
की समजावं, हा आता चहाला निघाला.

"तुझा सगळ्यात लांब विचार किती मिनिटांचा?"
मला फक्त आकडा हवा होता.
त्याने कपाटातून बुटांचा खोका काढला,
त्यातून पोस्टकार्डं, त्यातून एक.
"हा घोडा. अकरा दिवस.
त्यातले चार लाइने इस्पितळात होती.
बाकावर बसून होतो. पट डोक्यात."
पुढे काही बोलला नाही. कार्ड पालथं ठेवलं.

मी सेकंद केले, दुसरं काही सुचेना म्हणून:
नऊ लाख पन्नास हजार चारशे.
फाईलने तेही मुकाट्याने घेतलं असतं.

शेवटी त्या ओळीपुढे खूण घातली,
म्हणजे ओळ राहते, पण यंत्र ती वाचत नाही.
आणि कोपऱ्यातल्या एका कळीला कुलूप जोडलं,
जिचा आजवर कुणाला उपयोग नव्हता.
तिच्यावर माझ्या नेलपॉलिशचा ठिपका.
उठताना दाबायची. बस.

त्याने तालीम केली. उठला, दाबली, दारापर्यंत गेला.
उठला, दाबली, दार.
तिसऱ्यांदा विसरला, दारातून परत आला,
निर्ककडे रोखून बघत दाबली.
पासवर्ड टाकताना मी खिडकीकडे वळले, सवयीने.
बराच वेळ टकटक चालली होती.
मोजायची नसतात. मोजली. एकोणीस अक्षरं.
कुठल्या नावात बसतात, ते नाही शोधलं.

सोमवारी ऑफिसात तक्ता उघडा होता,
मी त्यातल्या कशाकडेच बघत नव्हते.
बाकावर बसलेला एक माणूस, मांडीवर हात,
डोक्यात घोडा.
पडदा काळा झाला.
शेजारच्या टेबलावरून काइयूने विचारलं, "गेलीस का घरी?"
मी माउस बोटभर हलवला.