शून्यातून एकात

सुट्टीच्या दिवशी कारखाना असा गप्प असतो
की कानांनाच चुकल्यासारखं होतं.
अक्कलकोट रोडला चव्वेचाळीस अंश,
पत्र्याखाली किती, ते कोण मोजतो.
शर्ट खुंटीला लावून
मी कॉम्प्युटरचं पोट उघडून बसलेलो.

आत सुताची धूळ. अकरा वर्षांची.
पंख्याच्या पात्यांवर गुलाबी, हिरवी, तपकिरी,
ज्या साली जो रंग चालला त्याचा थर.
झाडली, तर एखादा हातरुमाल झाला असता.

मालकांना म्हणालो होतो,
डिस्कचे तेवढे द्या, बसवतो मीच,
माणूस बोलावला तर नुसते स्क्रू फिरवायचे
सातशे घेईल.
गुंडला मालक खूश.
"व्यंकटेश, तू तर घरचाच."

जुनीवरचं सगळं नवीवर उतरवायचं, एवढंच काम.
पडद्याने विचारलं: कुठून? कुठे?
डिस्क शून्य. डिस्क एक.
दोघींची कंपनी एक, माप एक,
साखर पेठेतल्या त्या जुळ्या बहिणींसारख्या,
ज्यांना मी वीस वर्षं
उलट्या नावानेच हाक मारतोय.

मी निवडलं.
त्याने विचारलं, नक्की?
म्हटलं, नक्की.

मग दोन तास चाळीस मिनिटं
कडक भाकरी शेंगाचटणीत मोडत
निळी पट्टी सरकताना पाहिली.
बॉबिन भरताना पाहावी तशी, समाधानाने.
शंभर टक्के. यशस्वी.
यंत्राने अभिनंदनसुद्धा केलं.

कोऱ्या डिस्कवरचा कोरेपणा
एक कणही न सांडता
जुन्या डिस्कवर उतरला होता.
इतकं बिनचूक काम
माझ्या हातून आयुष्यात झालेलं नाही.

मोर गेला. कमळाची चौकट गेली.
लग्नाच्या सेटमधली घोड्यांची जोडी,
कुठल्या कुठल्या लॉजांची काठावरची नावं,
बंद पडलेल्या एका शाळेचं बोधचिन्ह,
पाच वर्षांची बिलं,
आणि "नवीन" नावाचं एक फोल्डर
ज्यात काय होतं तेच आता आठवत नाही.

अक्काचा फोन आला.
"एमैंदिरा?"
नुसत्या श्वासावरून कळतं तिला.
म्हटलं, काही नाही.
आणि ते अगदी शब्दशः खरं होतं.

घाम पुसायला खांद्यावरचा टॉवेल ओढला
तर हात तिथंच थांबला.
काठावर मोर.
विटलेला, धुऊन धुऊन मान बारीक झालेला,
पण मोर.
खणातलं भिंग काढलं. इंचातले धागे मोजले.
आलेखाच्या वहीत पहिली चौकट
पेन्सिलने काळी केली.

तीन आठवडे झाले, असाच फिरतोय.
विडी घरकुलात अक्काच्या दोरीवर चार डिझाइनं सापडली,
मेरगूच्या गॅरेजात ऑइल प्यालेलं कमळ.
एका बाईने फरशीचा बोळा पिळून हातात दिला,
वर विचारलं,
जुना घेऊन नवा देते का हो कंपनी?
शाळेचं चिन्ह कुणाकडेच नाही.
मालक बोलत नाहीत.
अबोला घरच्या माणसाशीच धरता येतो.

चहावाला मात्र ऐकत नाही.
घोड्यांची जोडी त्याच्या खांद्यावर आहे,
माझ्या माहितीतली शेवटची.
नवा देतो म्हटलं. दोन देतो म्हटलं.
तो म्हणतो, राहू द्या, सवयीचा आहे.

म्हणून दिवसाला पाच चहा होतात.
तो ग्लास ठेवायला वाकला
की मी एक ओळ मोजून घेतो.
मागच्या घोड्याचे पाय
अजून राहिलेत.