चहाच

पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन ठेवायचं,
रिकाम्या जागी च बसवायचा.
एवढंच कुलूप होतं.
पण कुमुदताई आणि उज्ज्वला ते इतकं भरभर फिरवायच्या
की प्रेसच्या क्वार्टरमधल्या दोन खोल्यांत
त्यांची तिसरी खोली तयार व्हायची
आणि आम्ही सगळे बाहेर.

बाबाही बाहेरच.
नाशिक रोडच्या प्रेसच्या फाटकावर रोज खिसे उलटे करून यायचे,
आत काय छापलं ते जेवताना कधी निघालं नाही.
न बोलणं हा आमच्याकडे पगाराचाच भाग होता.

मी नऊ वर्षांचा, गणितात कच्चा.
चडूर चकोन. चैसेप. चनमाडम.
कानावरून नुसते खडे जायचे.
मग एकदा स्टोव्हपाशी उज्ज्वला म्हणाली, चहाच.
च काढून च बसवला होता,
चहा लपलाच नव्हता, शेपटी तेवढी बाहेर.
ती धरून मी आत गेलो.

गुरुवार. भुसावळ पॅसेंजर.
तांदळाच्या डब्यात एकशे दहा रुपये.
मनमाडला कुणीतरी उभं राहणार होतं, त्याचं नाव
त्या उलटंसुद्धा घेत नव्हत्या.

बिटकोपाशी सलूनमध्ये, मानेला साबण लागलेला असताना
मी बाबांना सांगितलं.
चहाडी म्हणून नाही,
एकोणतीसचा पाढा आला की सांगतात तसं.
बाबांनी आरशातूनच विचारलं, "अजून काय येतं?"

गुरुवारी ते रजा टाकून फलाटावर ताईशेजारी जाऊन बसले.
गाडी आली. गेली.
दोघं चालत घरी आली, तिची पिशवी बाबांच्या हातात.
ओरडले असते तर बरं.

त्यानंतर च बंद.
ती भाषा येणारं एकच माणूस ताईला ठाऊक होतं.
उज्ज्वला गेल्या दिवाळीआधी गेली,
शेवटपर्यंत म्हणत होती, मी नाही गं,
साध्या मराठीत.

काल जेल रोडला ताईकडे गेलो.
ती द्राक्षं निवडत होती, तडकलेली एका ताटलीत.
जेवायची वेळ टळत आली होती.
जिभेला वळण उरलं नव्हतं, दोनदा अडलो, मग म्हणालो:
चीम चांगितलंस.

तिचा हात थांबला की घड संपला, कळलं नाही.
ताटली घेऊन उठली, ओट्यापाशी गेली,
आणि पाठ माझ्याकडे ठेवून म्हणाली,
चहाच?