किती जणांनी विचारलं

नकाराची पत्रं मी लिहीत नाही.
ती रात्री आपोआप निघतात,
घडी पडून, खिडकीच्या पाकिटात.
मी फक्त नंतरचा फोन उचलतो.
सू फॉल्स, साउथ डकोटा, दुसरा मजला;
खाली पार्किंगमध्ये गाड्यांना वायरी लावलेल्या,
इंजिनं गोठू नयेत म्हणून.

आज डुलूथहून व्हर्ना लाहटी.
हॉस्पिटलच्या धुलाईघरात एकवीस वर्षं.
एकही हप्ता चुकवलेला नाही, हे तिनं दोनदा सांगितलं,
आणि ते खरंय, माझ्या पडद्यावरही तसंच दिसतंय.
मग पत्रातलं एक वाक्य वाचून दाखवलं, सावकाश:
अलीकडे आपल्याबद्दल फार चौकशा झालेल्या आहेत.
"माझ्याबद्दल?" ती म्हणाली,
"मला तर कुणी विचारत नाही."

मी यादी वाचली. वाचायचीच असते.
मार्चमध्ये तीन, एकाच दुपारी:
ती जुनी गाडी बदलायला गेली होती,
सेल्समननं तिचा एक अर्ज तीन बँकांना धाडला,
पत्रिका वाटाव्यात तसा.
स्कोअर त्या तिन्ही एकच धरतो, तेवढी त्याला अक्कल आहे.
आमचा नियम मात्र बोटांवर मोजतो.
जूनमध्ये फ्रिजचं दुकान. काउंटरवर दहा टक्के सूट,
इथं सही, आणि इथं.
ऑगस्टमध्ये भाड्याची खोली, कारण रॉय गेल्यावर
जुन्या घरात तिला जिना चढवेना,
आणि नव्या मालकाला भाडं बुडणार नाही याची खात्री हवी होती.
ऑक्टोबरात मैल देणारं एक कार्ड. नाही.
नोव्हेंबरात दुसरं. नाही.
मग आम्ही.

होकार मिळाला की नकार, ते त्या यादीत लिहीत नाहीत.
लिहितात एवढंच: हिनं मागितलं.
आणि एकच माणूस फार वेळा दारात दिसला
की आतले आपापसात म्हणतात,
काहीतरी अडलंय हिचं.

अडलं होतंच.
मुलगी केचिकनला, अलास्कात. बाळ सात आठवड्यांचं.
पहिल्या तीन महिन्यांत तीन हजार डॉलर खर्चले
तर साठ हजार मैल बक्षीस.
तिनं मांडून ठेवलं होतं: किराणा, विम्याचा हप्ता,
आणि दाताची कॅप, जी एरवी तिनं
पुढच्या वर्षावर ढकलली असती.

"आणि तुम्ही पाहिलंत, तेही धरणार?"
हो.
"नाही म्हणायला पाहिलंत, तरी?"
हो.
इथं सगळेच जरा गप्प होतात.
मी तेवढ्यात पेन्सिलीला टोक करतो.

मग सांगायचं ते सांगितलं:
नवा अर्ज करू नका. वर्षभरात या ओळींचा जोर ओसरतो,
दोन वर्षांनी त्या पुसल्याच जातात.
"दोन वर्षांनी तो पळत असेल,"
ती म्हणाली, चिडून नाही,
बाहेरचं तापमान सांगावं तशी.
"आणि हा फोन? हाही मोजतात?"
फोन नाही मोजत.
"मग बोलते जरा."

बाळाचे कान रॉयसारखे, पुढे आलेले.
आणि प्रसूती विभागाची छोटी ब्लँकेटं
गरम असतानाच घडी करावी लागतात,
गार झाली की कोपरे जुळत नाहीत.
रोज साठ-सत्तर करते, म्हणाली,
कधी कुणाचं आहे असा विचार केला नव्हता.

आम्हाला एका फोनला चार मिनिटं.
चौदाव्या मिनिटाला ट्वायला पार्टिशनवरून डोकावली,
भुवयांनी विचारलं, अजून काय?
मी बोटानं थांब म्हटलं.
फाइलवर शेरा टाकला: निर्णय कायम.
आणि हेडसेटमध्ये विचारलं,
झोपतो का रात्रीचा?

"झोपतो. पहाटे चारला उठतो फक्त,
म्हणजे आमचे सात.
मी तेव्हा पहिली गाडी रिकामी करत असते."